प्राणिप्लवकांचं डीएनए बारकोडिंग: जाळीपासून जेनबँकेपर्यंत

दिवाळीच्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ बारीक जाळी दहा मिनिटं ओढली की तिच्या तळाच्या बाटलीत तपकिरी-गुलाबी लगदा जमतो. त्यातले चार थेंब पेट्री डिशमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरा. लांब शृंगिकांचे कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले कवचधारी), आरपार दिसणारे बाणकृमी, डोक्यावर काटा मिरवणारी खेकड्यांची झोइया पिल्लं, माशांची अंडी, शिंपल्यांच्या अळ्या आणि मधूनच एखादा कोवळा जवळा. हे सगळे प्राणिप्लवक. प्रवाहाला छेद देऊन पोहण्याइतकं बळ अंगात नाही, म्हणून पाणी नेईल तिकडे जाणारे प्राणी.

यात संख्येने बहुतेक वेळा कोपेपॉडच जास्त असतात. प्रौढ कोपेपॉड समोर असेल, तर तज्ज्ञ त्याच्या पाचव्या पायांची जोडी बघून नाव सांगतो. पण प्रौढ होण्याआधी कोपेपॉड सहा नॉप्लियस आणि पाच कोपेपोडाइट अवस्था पार करतो. त्या अकरा अवस्थांत तो पाय एक तर नसतो किंवा अर्धवट असतो. खेकड्याच्या झोइयाची अडचण अशीच, आणि माशाच्या अंड्याबद्दल तर विचारूच नका. डीएनए मात्र अंड्यापासून प्रौढापर्यंत तोच राहतो. डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून प्राणी ओळखायचा, म्हणजे बारकोडिंगचा, खरा उपयोग तिथे आहे.

हा लेख प्राणिशास्त्र, मत्स्यशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. कॉलेजात पीसीआर यंत्र आहे, पिपेट हातात बसलेली आहे, पण प्लवकांशी अजून गाठ पडलेली नाही, असा वाचक मी समोर धरला आहे.

बारकोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलं, की प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जनुकाचा ठरावीक तुकडा वाचला, तर बहुतेक जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. हा तुकडा ६५८ बेसचा. पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे एक मिलिमीटरच्या प्राण्यातूनही पीसीआरला पुरेल इतका माल मिळतो. हा तुकडा उचलणारे प्रायमर तर बारकोडिंगच्या आधीपासून वापरात होते. फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ ही जोडी आजही नवशिक्याने आधी मागवावी अशीच आहे.

सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवायची गोष्ट अशी, की बारकोड स्वतःहून कुणाचं नाव सांगत नाही. तुमचा अनुक्रम, म्हणजे वाचलेल्या बेसची ओळ, आधी कुणीतरी जमा केलेल्या अनुक्रमाशी किती जुळतो, एवढंच तो सांगतो. त्या जुन्या अनुक्रमाला नाव कुठून आलं? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसाकडून. त्याने चुकीचं नाव दिलं असेल, तर तुमचंही चुकणार, आणि तेही ९९.८ टक्क्यांच्या ऐटीत. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये फोटो, लेबल आणि नमुना जपणं यांवर मी पीसीआरपेक्षा जास्त जागा खर्च केली आहे. पीसीआर बिघडला तर पुन्हा लावता येतो. फोटो न काढता कुटलेला कोपेपॉड पुन्हा मिळत नाही.

पायरी १: प्रश्न लहान ठेवा

'अरबी समुद्रातले प्राणिप्लवक' हा पहिल्या प्रकल्पाचा विषय नव्हे. 'भाट्ये खाडीच्या मुखाशी हिवाळ्यात मिळणारे कॅलॅनॉइड कोपेपॉड' हा आहे (कॅलॅनॉइड हा कोपेपॉडांचाच एक गट). एक गट, एक जागा, एक हंगाम, आणि एका नळीत एकच प्राणी.

सगळा लगदा एकत्र दळून त्यातले हजारो अनुक्रम एका दमात वाचायची पद्धतही आहे, तिला मेटाबारकोडिंग म्हणतात. ऐकायला ती आकर्षक वाटते. पण त्यातून येणाऱ्या अनुक्रमांना नावं लावायला एकेका प्राण्याच्या बारकोडांचा संग्रह आधी तयार असावा लागतो. आपल्या किनाऱ्यासाठी तो संग्रह वाढवणं हे नवशिक्याच्या आवाक्यातलं आणि खरोखर गरजेचं काम आहे.

पायरी २: कागदपत्रं आणि अल्कोहोल

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून अधिसूचित आहे. तिथे जाळी टाकायची तर आधी वन विभागाची परवानगी घ्या. इतर ठिकाणीही कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्रं होडीत जवळ ठेवा, कारण समुद्रावरचे सुरक्षारक्षक विचारणा करतात आणि त्यांनी ती करायलाच हवी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे वेळापत्रक ऑक्टोबर ते मे असं धरा. भरती-ओहोटीच्या वेळा मात्र इंटरनेटवर बघून झाल्या तरी तांडेलाला विचारून पक्क्या करा.

अल्कोहोलची तजवीज सर्वात आधी करा. आपल्याला ९५ टक्क्यांच्या वरचा, भेसळ न केलेला इथेनॉल लागतो. तो घ्यायला संस्थेकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असावा लागतो, आणि ते कागद फिरायला वेळ जातो. दुकानातलं सॅनिटायझर किंवा डिनेचर्ड स्पिरिट चालणार नाही, कारण त्यातले इतर पदार्थ डीएनएला आणि पुढच्या रसायनांना त्रास देतात.

फॉर्मॅलिनचा मोह टाळा. फॉर्मॅलिनमध्ये शरीररचना सुरेख टिकते, पण डीएनएचे तुकडे होतात आणि प्रथिनांशी त्याच्या गाठी बसतात. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत जमवलेले प्राणिप्लवकांचे नमुने कोचीला वर्गवारीसाठी आले होते. या मोहिमेच्या पाठोपाठच १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, आज तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. शरीररचनेच्या अभ्यासाला कोचीचा तो फॉर्मॅलिनमधला साठा म्हणजे खजिना. बारकोडिंगच्या दृष्टीने फॉर्मॅलिनमधला नमुना जवळपास बंद दरवाजा आहे.

पायरी ३: जाळी ओढणं

२०० मायक्रॉन छिद्रांची शंकूच्या आकाराची जाळी घ्या. डब्ल्यूपी-२ नावाची प्रमाणित जाळी याच छिद्रांची असते आणि तिच्या तोंडाचा व्यास ५७ सेंटिमीटर. ऑइथोनासारखे चिमुकले कोपेपॉड आणि नॉप्लियस २०० मायक्रॉनमधून निसटतात, ते हवे असतील तर १०० मायक्रॉनची वेगळी जाळी लागेल.

होडी अगदी मंद चालवा, माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने. जोरात ओढलं की पाणी जाळीत शिरण्याऐवजी तोंडाशीच फुगतं आणि आत गेलेले प्राणी घासून मोडतात. खाडीत याहून सोपी युक्ती आहे. होडी नांगरा आणि ओहोटीच्या प्रवाहात जाळी नुसती धरून ठेवा, पाणीच तुमचं काम करेल. संध्याकाळ कलल्यावर माल जास्त मिळतो, कारण दिवसा खोल राहणारे बरेच प्राणी रात्री पृष्ठभागाकडे येतात.

जाळी वर आली की बाहेरून पाणी मारा, आतून नाही. बाहेरून मारलेलं पाणी चिकटलेले प्राणी बाटलीकडे ढकलतं. आतून मारलं तर तळाच्या बाटलीत आधीच न गाळलेलं पाणी आणि त्यातले प्राणी शिरतात.

जेलीफिश, सॅल्प (जेलीसारखे पारदर्शक कंचुकधारी) असं काही आलं असेल, तर तिथेच काढून वेगळ्या डब्यात टाका. त्यांच्या अंगातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं आणि सगळी बाटली वाया जाते.

पायरी ४: बाटली भरणं

नमुना चाळणीवर घेऊन समुद्राचं पाणी निथळू द्या, मग अल्कोहोलमध्ये टाका. बाटलीत लगद्याची उंची एक पंचमांशाच्या वर जाऊ नये, एक दशांश असेल तर उत्तम. चोवीस तासांच्या आत ते अल्कोहोल ओतून नवं भरा. ही अदलाबदल बहुतेक जण टाळतात, आणि महिन्याभराने पीसीआर का लागत नाही म्हणून प्रायमरला दोष देतात. प्राण्यांच्या अंगातून सुटलेल्या पाण्याने पहिलं अल्कोहोल ७०-८० टक्क्यांवर आलेलं असतं, आणि त्यात पेशींची विकरं डीएनए कुरतडत बसतात. होडीवर बर्फाचा डबा न्या, प्रयोगशाळेत उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

शरीररचनेचा अभ्यास करणारे कुणी सोबत असतील, तर नमुन्याचे दोन भाग करा. एक अल्कोहोलमध्ये, दुसरा ५ टक्के फॉर्मॅलिनमध्ये. दोन्ही बाटल्या वेगळ्या डब्यांत ठेवा आणि चमचा, चिमटा, पिपेट यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

लेबल पेन्सिलीने लिहा, ट्रेसिंग पेपरवर, आणि बाटलीच्या आत टाका. बाहेरून मार्करने लिहिलेलं अल्कोहोलचा एक ओघळ आला की पुसलं जातं. लेबलवर जागेचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, खोली, जाळीचा छिद्रआकार, द्रव आणि नमुना घेणाऱ्याचं नाव. फोनमध्ये नोंद आहे, हे कारण ऐकून घेऊ नका.

पायरी ५: एक प्राणी, एक फोटो, एक नळी

इथे घाई केली तर पुढचं सगळं काम निनावी राहतं.

थोडा नमुना पेट्री डिशमध्ये घ्या. रुंद तोंडाच्या पिपेटने किंवा तारेच्या बारीक फाशाने एकच कोपेपॉड उचला आणि खळगा असलेल्या काचपट्टीवर अल्कोहोलच्या थेंबात ठेवा. अल्कोहोल भराभर उडतं आणि प्राणी वाळून वाकडा होतो, म्हणून थेंब घालत राहा, किंवा फोटोपुरतं ग्लिसरीन मिसळलेलं अल्कोहोल वापरा. सुईने त्याला आधी पाठीवर, मग कुशीवर वळवा. तीन फोटो हवेत: वरून पूर्ण शरीर, कुशीवरून पूर्ण शरीर, आणि जवळून वक्षाचा मागचा भाग व शेपटी. तिन्हींत मोजपट्टी असू द्या. कॅमेरा नसेल, तर सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला फोन लावून काढलेला फोटोही काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा.

काय बघायचं, याचं एक उदाहरण घेऊ. आपल्या किनाऱ्यावर टेमोरा हे जीनस हमखास मिळतं. पुढून रुंद, मागे निमुळतं शरीर आणि शेवटी दोन लांब काड्यांसारखी पुच्छशाखा, यावरून ते पटकन ओळखू येतं. आता वक्षाचे मागचे कोपरे बघा. ते गोलसर असतील तर टेमोरा टर्बिनाटा, टोकदार काट्यासारखे असतील तर टेमोरा डिस्कॉडाटा किंवा टेमोरा स्टायलिफेरा. एवढा एक कोपरा नीट दिसला, तर पुढे बारकोड आल्यावर त्याची उलटतपासणी करता येते. भारतीय किनाऱ्यावरच्या कोपेपॉडसाठी कस्तुरीरंगन यांनी १९६३ मध्ये केलेली ओळख-किल्ली अजून कामाची आहे. मात्र तिच्यातली काही नावं पुढे बदलली, म्हणून प्रत्येक नाव वर्म्स या सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत तपासून घ्या.

मग पायांची चिरफाड. प्रौढ कॅलॅनॉइड असेल, तर पाचव्या पायांची जोडी सुईने अलगद सोडवून ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर बसवा आणि उरलेलं शरीर डीएनएसाठी वापरा. हात बसायला वेळ लागतो, आधी फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यांवर सराव करा.

अंडी बाळगणारी मादी मिळाली, तर आणखी चांगली सोय आहे. स्यूडोडायाप्टोमस, ऑइथोना, युटर्पिना यांच्या माद्या अंड्यांची पिशवी शेपटीशी लटकवून फिरतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे पिशवीतल्या अंड्यांचा सीओआय हा आईचाच सीओआय. पिशवी तोडून नळीत टाका, आई जशीच्या तशी पुराव्याचा नमुना म्हणून जपा.

इतर गटांसाठी थोडक्यात. बाणकृमी शिकारी आहेत, पोटात गिळलेला कोपेपॉड असतो, म्हणून शेपटीकडचा तुकडा घ्या. सॅल्पचं आतडं काढून टाका. माशाच्या पिल्लाचा एक डोळा किंवा शेपटीचा तुकडा पुरतो.

प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र क्रमांक द्या: जागेचं अक्षर, बाटलीचा क्रमांक, प्राण्याचा क्रमांक. हाच क्रमांक नळीवर, फोटोच्या फाइलवर, वहीत आणि शेवटी अनुक्रमाच्या फाइलवर. मधेच नवी क्रमांकपद्धत काढायची हौस कुणालाही येऊ शकते, ती दाबून टाका.

पायरी ६: डीएनए काढणं

नळीत टाकण्याआधी प्राणी अर्धा तास निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा. अंगात मुरलेलं अल्कोहोल गेलं नाही, तर पीसीआर अडतो.

तयार किट महाग पडतात, आणि एका कोपेपॉडसाठी त्यांची गरज नसते. प्लवकांसाठी हॉटशॉट पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या २५ ते ५० मायक्रोलिटर द्रावात प्राणी टाका, ९५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, थंड करा, आणि ४० मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण तेवढंच घालून उदासीन करा. झालं. कोपेपॉडचं काइटिनचं कवच बहुतेक वेळा शाबूत उरतं, ते चिमट्याने काढून अल्कोहोलमध्ये परत ठेवा. हा डीएनए फार शुद्ध नसतो आणि वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून पीसीआर लवकर लावा. दीर्घकाळ साठवायचा असेल किंवा प्राणी दुर्मीळ वाटत असेल, तर किटचा खर्च करा.

पायरी ७: पीसीआर

२५ मायक्रोलिटरची एक प्रतिक्रिया अशी जमवा: दुप्पट तीव्रतेचं तयार मास्टर मिक्स १२.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, डीएनए २ आणि पाणी ८.५ मायक्रोलिटर. यंत्रात ९४ अंशांवर ३ मिनिटं. मग ३५ फेऱ्या: ९४ अंशांवर ३० सेकंद, ४५ ते ४८ अंशांवर १ मिनिट, ७२ अंशांवर १ मिनिट. शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटं. प्रत्येक वेळी एक नळी डीएनएऐवजी पाण्याची ठेवा. जेलवर ७०० बेसच्या आसपास एकच ठसठशीत पट्टा हवा, आणि पाण्याच्या नळीत काहीही नको. पाण्याच्या नळीत पट्टा आला, तर त्या दिवसाचे सगळे निकाल टाकून द्या. इतर नळ्यांतले पट्टे कितीही सुंदर दिसले तरी.

पट्टा आलाच नाही, तर या क्रमाने जा. डीएनए दहापट पातळ करा, कारण अडचण बऱ्याचदा अशुद्धीची असते. जोडणीचं तापमान ४२ अंशांपर्यंत उतरवा. मग प्रायमर बदला. जेलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये फोल्मरच्याच जागी बसणारे सुधारित प्रायमर दिले, ते सागरी अपृष्ठवंशीयांसाठी अधिक उदार आहेत. तरीही हट्ट करणारे गट आहेतच. हायड्रोझोआ वर्गातल्या जेलीफिशसाठी बरेच जण १६एस जनुक वापरतात. कंगवाधारी टेनोफोरांचा मायटोकॉन्ड्रिया इतका वेगाने बदललेला आहे, की तिथे फोल्मर प्रायमरच्या नादी लागणं म्हणजे रसायनं वाया घालवणं. १८एस जनुक जवळपास सगळ्यांत सहज मिळतं, पण ते इतकं हळू बदलतं की जीनस किंवा कुळापर्यंत नेऊन सोडतं.

पायरी ८: अनुक्रम वाचून घेणं आणि तपासणं

सँगर पद्धतीचं वाचन बहुतेक कॉलेजं बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेतात. दोन्ही दिशांनी वाचून घ्या. एका दिशेचे पैसे वाचवले, तर तुकड्याची सुरुवात कायम धूसर राहते. आणि नुसती अक्षरांची फाइल घेऊन समाधान मानू नका, शिखरांचा आलेख असलेली एबी१ फाइल मागा.

आलेख उघडला की पहिले तीस-चाळीस बेस गिचमीड दिसतील, ते छाटा. शेवटही शिखरं बसकी होतात तिथे छाटा. मधला भाग स्वच्छ, एकेका रंगाच्या सुट्या शिखरांचा हवा. एखाद्या जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक असतील, तर उलट दिशेचं वाचन बघून निर्णय घ्या, तिथेही तसंच असेल तर संदिग्ध म्हणून 'एन' लिहा. संपूर्ण लांबीभर दुहेरी शिखरं असतील, तर नळीत दोन प्राण्यांचा डीएनए आहे, दुरुस्त करत बसू नका. दोन्ही दिशा जुळवून एकच अनुक्रम करा आणि प्रायमरची अक्षरं काढून टाका.

यानंतरची तपासणी नवशिक्यांकडून हमखास राहते. सीओआय प्रथिन बनवणारं जनुक आहे, त्यामुळे तुमच्या अनुक्रमाचं अमिनो आम्लांत भाषांतर करून बघा. मेगासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. पूर्ण ६५८ बेस असतील, तर वाचन दुसऱ्या बेसपासून सुरू करा, २१९ अमिनो आम्लं मिळतील. संकेतसारणी नीट निवडा: कोपेपॉड, खेकडे, बाणकृमी, शिंपले यांच्यासाठी अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाची ५ क्रमांकाची, माशांसाठी २, जेलीफिशसाठी ४, तारामाशांच्या अळ्यांसाठी ९, सॅल्पसारख्या कंचुकधारींसाठी १३. नेहमीची सारणी लावली तर टीजीए हा संकेत 'थांबा' असा वाचला जातो आणि चांगला अनुक्रम बिघडलेला वाटतो. योग्य सारणी लावूनही मधेच थांब्याचा संकेत आला, तर वाचनात बेस गळला आहे किंवा केंद्रकात जाऊन पडलेली मायटोकॉन्ड्रियाची मृत प्रत तुम्ही उचलली आहे. असा अनुक्रम पुढे नेऊ नका.

पायरी ९: नाव शोधणं

दोन ठिकाणी शोधा: बोल्डमध्ये, म्हणजे बारकोडांच्या जागतिक संग्रहात, आणि एनसीबीआयच्या ब्लास्टमध्ये, म्हणजे जेनबँक या अनुक्रमांच्या सार्वजनिक साठ्यात जुळणी शोधणाऱ्या साधनात. सागरी प्राणिप्लवकांसाठी मेटाझूजीन हा वेगळा संग्रहही आहे, त्यात महासागरनिहाय याद्या मिळतात. 'सागरी प्राणिप्लवकांची गणना' या २००४ ते २०१० च्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात २००६ मध्ये सारगासो समुद्रात जहाजावरच अनुक्रम वाचले गेले होते. या संग्रहांमागे तसलं काम आहे.

आकड्यांचा अंदाज असा ठेवा. ६५८ बेसमध्ये एक टक्का फरक म्हणजे साडेसहा बेस. कोपेपॉडच्या एका जातीत फरक साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतो, एकाच जीनसच्या दोन जातींत तो बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या वर जातो. पण निकालपत्रावरचा टक्का एकट्याने वाचू नका.

समजा तुमच्या ६४० बेसच्या अनुक्रमाला टेमोरा टर्बिनाटाशी ९९.४ टक्के जुळणी मिळाली, पूर्ण लांबीभर, खालच्या नोंदीही त्याच नावाच्या आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या, शिवाय तुमच्या फोटोत वक्षाचे कोपरे गोल. नाव लिहा. तीच ९९ टक्के जुळणी फक्त २०० बेसच्या तुकड्यावर असेल, तर तिला किंमत नाही.

पहिली जुळणी ८४ टक्के आणि नाव अकार्शियाचं? मग ती जात तुमची नाही. संग्रहात तुमच्या जातीची नोंदच नाही, एवढा त्याचा अर्थ. फोटोवरून जीनस पटत असेल तर 'अकार्शिया, जात अनिश्चित' असं लिहा आणि पुढे चला. भारतीय किनाऱ्याच्या प्लवकांसोबत हे वारंवार होईल, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट तोच अनुक्रम संग्रहाला हवा असतो.

वरच्या चार जुळण्यांत दोन वेगळी नावं, दोन्ही ९९ टक्के, हा प्रकार सर्वात त्रासाचा. कुणीतरी चुकलं आहे. कोणत्या नोंदीला फोटो आहे, नमुना कुठे ठेवला आहे, नमुना कोणत्या समुद्रातला, हे बघा. उत्तर अटलांटिकचा प्राणी रत्नागिरीत सापडल्याचा दावा करण्याआधी दोनदा विचार करा. पुराव्याचा नमुना नसलेली नोंद माझ्या लेखी साक्ष नव्हे, ऐकीव बातमी.

जुळणी बॅक्टेरियाशी, माशाशी किंवा माणसाशी आली तर हसून सोडून द्या. फोल्मर प्रायमर बॅक्टेरियालाही चिकटतात, मासा पोटातून आला असेल आणि माणूस तुमच्या हातातून.

फरक चार ते नऊ टक्क्यांच्या मधे अडकला, तर एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती एका नावाखाली लपल्या असण्याची शक्यता धरा. हे प्लवकांत नवं नाही. नॉर्वेच्या फ्योर्डांत कॅलॅनस फिनमार्किकस आणि कॅलॅनस ग्लेशिअलिस या दोन कोपेपॉडना लोक वर्षानुवर्षं शरीराच्या लांबीवरून वेगळं करत. २०१७ मध्ये जनुकीय खुणा लावल्यावर दिसलं, की लांब्या एकमेकांत मिसळतात आणि ग्लेशिअलिस समजलं जात होतं त्याहून कितीतरी जास्त फ्योर्डांत आहे. पण एका प्राण्याच्या एका अनुक्रमावर नवी जात जाहीर करू नका. त्याच जागेचे आणखी प्राणी वाचा, दुसरं, केंद्रकातलं जनुक लावून बघा, आणि शरीररचना जाणणाऱ्याला गाठा.

पायरी १०: जमा करणं

अनुक्रम लॅपटॉपवर राहिला तर तो कुणाच्याच कामाचा नाही. बोल्डमध्ये प्राण्याची नोंद, फोटो, ठिकाण, प्रायमरची नावं, दोन्ही दिशांच्या एबी१ फाइल आणि अनुक्रम असं सगळं एकत्र ठेवता येतं, म्हणून सुरुवात तिथून करा. अनुक्रम किमान ५०० बेसचा आणि संदिग्ध अक्षरं एक टक्क्याच्या आत असली पाहिजेत. नंतर तोच जेनबँकेत जाऊ द्या. सरकारी निधीवर काम असेल, तर फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्राबद्दल मार्गदर्शकांना विचारा. नमुनेच परदेशी पाठवायचे झाले, तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट धरावी लागते. अनुक्रम देशातच वाचला तर ती पाळी येत नाही.

जपलेली कवचं, पायांच्या काचपट्ट्या आणि अंड्यांविना उरलेल्या माद्या एखाद्या संस्थेच्या संग्रहात द्या. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, तिथे चौकशी करता येईल. मिळालेला संग्रह क्रमांक अनुक्रमाच्या नोंदीत भरा. 'अकार्शिया, जात अनिश्चित' म्हणून टाकलेल्या नोंदीला चार वर्षांनी खरं नाव मिळू शकतं, पण जेनबँकेतली नोंद जमा करणाऱ्यालाच बदलता येते. तेव्हा फॉर्म भरताना विभागाचा कायम चालणारा ईमेल द्या, एम.एस्सी. संपताच बंद होणारा विद्यार्थ्याचा नको.